भोकाची मडकी

वैशाख जवळ आला की गंगापूर रोडच्या कडेला, कडुनिंबाखाली, माठ येऊन बसतात. 'मांडतात' म्हणायला हवं खरं तर, पण मला ते बसल्यासारखेच दिसतात. लग्नघरी शेवटची पंगत उठली की बायका कशा पदर सैल करून, भिंतीला पाठ टेकून बसतात, अगदी तसे. कुणी काळा, कुणी लाल, कुणाची मान आखूड, कुणाचं पोट जरा जास्तच सुटलेलं.

यंदा ते आले त्या दिवशी मी कोथिंबीर आणायला निघाले होते. माठवालीनं उन्हात तापलेल्या एका माठावर ओंजळभर पाणी मारलं. चर्र झालं आणि तो वास आला. मग कसली कोथिंबीर! अर्धा तास तिथंच उभी. रिकामी पिशवी घेऊन घरी आले तर सून म्हणाली, "आई, भाजी?" म्हटलं, "राहिली बाई." ती हसली. दर उन्हाळ्यात माझं एकदा असं होतं, हे तिला आता पाठ झालंय.

ही माझी सून मोठी हौशी. नव्या मॉलमधून कुंड्या आणते. पोपटी काय, जांभळ्या काय, कठड्याला अडकवायच्या काय. "उचलून तर बघा आई, पिसासारख्या आहेत." उचलून बघते, खरंच पिसासारख्या असतात. मला प्लॅस्टिकचा राग नाही हो. उलट कौतुक वाटतं, की कुंडी आणणं इतकं सोपं होऊन बसलंय. रंग निवडायचा, पिशवीत टाकायची, रिक्षात बसायचं. एका उन्हाळ्यात मी कुंड्यांसाठी महिनाभर अख्खं नाशिक पालथं घातलं होतं. आणि खरं सांगू का, ती धडपड झाडांसाठी नव्हतीच. माणसासाठी होती.

नव्वदचं दशक निम्म्याच्या वर सरलं होतं तेव्हा. गंगापूर रोड आजच्यासारखा नव्हता. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून द्राक्षाचा मळा होता, आणि हंगाम संपत आला की तिथून आंबूस गोड वास गॅलरीत यायचा. गॅलरीत माशाही यायच्या, तेही सांगायला हवं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून आत, आमचं गाव. जमीन दीड एकर, पण त्या दीड एकरात आत्याबाईंनी जन्मभर फुलं काढली. झेंडू, शेवंती, निशिगंध. उजाडायच्या आत तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि मिळेल त्या टेम्पोत बसून नाशिकच्या फुलबाजारात आणायची. त्यांच्या बोटांना झेंडूचा तो उग्र, हिरवा वास कायमचा चिकटला होता. "आईच्या पुरणपोळीलासुद्धा झेंडूचा वास येतो," असं आमचे हे म्हणायचे आणि चाळिशी उलटल्यावरही आईच्या हातचा धपाटा खायचे.

कार्तिकात मामंजी गेले. पौषात आत्याबाई विहिरीजवळ चक्कर येऊन पडल्या. दोन तास तशाच पडून होत्या, कुणाला पत्ता नाही. त्यानंतर मात्र ह्यांनी ऐकलं नाही. शेत पुतण्याकडे सोपवलं, गावातल्या घराला कुलूप लावलं आणि आईला इथं घेऊन आले. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक लांबोडकी गॅलरी.

आत्याबाई खुर्चीत बसायच्या. नुसत्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. मला लग्न झाल्यापासून ते हात रिकामे पाहायची सवय नव्हती. निवडायला तांदूळ दिले तर दहा मिनिटांत ताट परत, की पुन्हा हात उताणे. जेवण कमी झालं होतं. बोलणं तर त्याहून कमी.

पाडव्याला गुढी उतरवता उतरवता त्या एकदम म्हणाल्या, "आखाजीची घागर भरली का मी चालले."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? माझ्या घरी. तुमच्या ह्या डब्यात माझा जीव नाय लागत."

"आणि एकटीला पुन्हा चक्कर आली म्हणजे?"

"आली तर आली. पडले तर जमिनीवर तरी पडंन. इथं पडले तर खालच्या पाठकांच्या डोक्यावर."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरतात. मामंजींच्या नावाची ही पहिलीच घागर. ती भरल्याशिवाय आत्याबाई हलणार नव्हत्या आणि भरल्यावर थांबणार नव्हत्या. पाडवा ते आखाजी, एक महिना आणि वर दोन दिवस. तेवढा वेळ माझ्या हातात होता. ह्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं आणि शेवटी पेपर तोंडासमोर धरला. मी मात्र त्या उताण्या हातांकडे बघत होते. मनात आलं, ह्या हातांना माती मिळाली तर?

"आत्याबाई, गॅलरीत फुलं लावू या का आपण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना भातुकली खेळायला बोलावत होते. "कुंडीत? कुंडी म्हंजे झाडाला जेल, मंदा."

तर अशी माझी कुंड्यांची मोहीम सुरू झाली.

आधी रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. सिमेंटच्या कुंड्या होत्या. उचलायला दोन गडी लागावेत आणि रंग असा, की सरकारी दवाखान्याची आठवण यावी. चिनी मातीच्याही होत्या, निळ्या वेलबुट्टीच्या. एक हातात घेतली, भाव विचारला आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी अलगद परत ठेवली. मग तांबट लेनमध्ये गेले. जुन्या घंगाळात कमळ काय सुरेख दिसेल, असं वाटलं होतं. सहज म्हणून विचारलं आणि सहज म्हणूनच तिथून निघाले. पण त्या गल्लीतल्या ठोक्यांचा आवाज दिवसभर कानात राहिला. ते तेवढं फुकट मिळालं.

मग मळ्यातून द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या मागून आणल्या. वर द्राक्षांचे घड छापलेले, दिसायला छानच! माती भरली, पाणी घातलं, गॅलरीत रांगेनं लावल्या. संध्याकाळी पेट्यांनी मान टाकली. बूड सुटलं आणि सगळा चिखल खाली, पाठकवहिनींच्या गॅलरीत. त्यांनी गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या.

"मंदाताई," त्या वर येऊन शांतपणे म्हणाल्या, "कुरडया चॉकलेटी झाल्यात. मुलं आवडीनं खातील." मी शरमेनं अर्धी झाले. माझ्या वाटणीच्या अर्ध्या कुरडया त्यांना देऊन टाकल्या.

त्यानंतर तेलाचे डबे. चार गोळा केले, हिरवा रंग दिला, वर पिवळी फुलं काढली. मला तरी फार आवडले होते. दुपारी गॅलरीत ऊन आलं. आत्याबाई पहिल्यांदाच खुर्चीतून उठून बाहेर आल्या, डब्याला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"मुळं तळायची का काय तुला? डबा तेलाचाच हाय, वरून मोहरी टाक."

मी हसतच सुटले. हे आतून ओरडले, "काय झालं?" त्यांना काय सांगू! माझी मोहीम सुरू झाल्यापासून आत्याबाईंनी झाडाबद्दल काढलेला तो पहिला शब्द होता. आणि आत जाता जाता त्या आणखी एक बोलल्या, "मातीचंच पायजे. मातीला घाम येतो, म्हणून मुळी थंड ऱ्हाते."

दुसऱ्या दिवशी मी कुंभारवाड्यात हजर.

आखाजीच्या आधीचा कुंभारवाडा ज्यानं पाहिला नाही, त्याला मी काय सांगू! अंगणात, ओट्यांवर, गल्लीच्या दोन्ही बाजूंना घागरींचे ढीग, त्यांच्यावर ठेवायच्या इवल्याशा केळ्यांच्या, म्हणजे छोट्या मडक्यांच्या, उतरंडी. हवेत राखेचा आणि भाजक्या मातीचा वास. बायका खाली बसून एकेक घागर टिचकीनं वाजवून पाहत होत्या, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. लांबून ऐकावं तर वाटे देवळात आरती चाललीय.

मी ज्या बाईपुढं बसले तिचं नाव लीलाबाई, हे मला नंतर कळलं. माझ्याच वयाची, कोपरापर्यंत माती. मी आपलं उत्साहात म्हटलं, "मावशी, मोठी मडकी हवीत. वीसेक. पण बुडाला भोक पाडून द्याल का?"

तिचा हात थांबला. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू जागेवर होतं. मग खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, बाई?"

"कोण गेलं म्हणजे? नाही हो, कुणी नाही!"

"मंग भोकाचं मडकं कशाला? आन् तेबी वीस? म्हटलं वऱ्हाडाचा ट्रक उलटला का काय!"

"झाडं लावायचीत हो, झाडं!"

लीलाबाई मांडीवर थापा मारून हसली. शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. आणि हसता हसता माझं मलाच कसंतरी झालं. भोकाच्या मडक्याचा अर्थ आपल्यात कुणाला सांगावा लागत नाही. चितेभोवती मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरतो, मागून दगडानं त्याला भोक पाडतात, धार जमिनीवर पडत जाते. पाचच महिन्यांपूर्वी ह्यांच्या खांद्यावर होतं ते. आणि मी निघाले होते तसली वीस मडकी त्याच माणसाच्या बायकोपुढं, जाता येता दिसतील अशी, रांगेनं मांडायला. इतके दिवस कुंड्यांच्या नादात ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती!

मी उठलेच. लीलाबाईनं हात धरून बसवलं. "काय झालं?" मग तिला सगळं सांगितलं. आत्याबाईंचे हात, आखाजी, कुलूप, सगळं. ती ऐकत होती आणि एकीकडे ओली माती कुटत होती. शेवटी म्हणाली, "भोक पाडूच नको मग. चल माझ्यासंगं."

आव्याच्या, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीच्या, मागं एक ढीग होता. भाजताना तडकलेली मडकी. काहींना केसासारखी चीर, काहींचं तोंड वाकडं. "ह्यांच्यात पाणी ठरत नाय," लीलाबाई म्हणाली, "झिरपून जातं. म्हणून कोणी घेत नाय. तुझ्या झाडाला तरी पाणी ठरायला कुठं पायजे?"

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं मला वाजवायला शिकवलं. चांगलं मडकं ठण्ण वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. मग काय, अख्खी दुपार मी त्या ढिगात! समोर सगळ्या बायका ठण्ण शोधतायत आणि मी एकटी बद्द शोधतेय. एका आजीबाईंच्या हातात बद्द आलं, तर त्यांनी ते परत ठेवण्याऐवजी माझ्याकडे सरकवलं, "घे गं, तुझं."

आणि काय सुंदर होती म्हणून सांगू ती नाकारलेली मडकी! एकाच्या पोटावर जाळाचा काळा डाग असा उमटला होता, की कुणी काजळाचं बोट ओढावं. एकाचं तोंड एका अंगाला कलंडलेलं, हळूच काहीतरी सांगत असल्यासारखं. आज मॉलमधल्या कुंड्या बघते तेव्हा वाटतं, बाळांनो, तुम्ही सगळ्या गुणी आहात, पण एकीसारखी दुसरी. तुमच्यात वेगळं काय बघू? सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुम्हाला तडकलेलंच आवडतं, म्हणून तर माझ्याशी पटतं तुमचं." आता हिला काय म्हणावं!

लीलाबाईनं जवळपास फुकटच दिली. एकतीस मडकी हातगाडीवरून आली आणि मी ती गच्चीवर चढवली. सगळ्यांत पाणी भरून पाहिलं. अठ्ठावीस छान झिरपत होती, पण तीन लबाड निघाली. वाजायची बद्द, पाणी मात्र थेंबभर सोडायची नाहीत. आता भोक पाडण्यावाचून इलाज नव्हता. म्हटलं, आत्याबाई दुपारच्या झोपतात, तेवढ्यात उरकू. खिळा घेतला, हातोडी घेतली. दोन झाली. तिसऱ्यात पाणी तसंच होतं, ओतून द्यायचा कंटाळा केला. मडकं कठड्यावर कलतं ठेवलं आणि बुडात खिळा मारला. धार लागली. मी मडकं कवेत घेऊन उभी, पाणी पायावर पडतंय, आणि मागं बघते तर जिन्याच्या दारात आत्याबाई.

त्यांना वर यायला दम लागला होता. त्या बघत राहिल्या. धार बारीक होत गेली, मग थेंब, मग तेही थांबले.

आत्याबाई जवळ आल्या. मडकं माझ्या हातातून काढून घेतलं, उलटं केलं आणि भोकात करंगळी घालून फिरवली.

"एवढं मोठं? माती वाहून जाईल ना सगळी. आतून खापरी ठेव."

"आत्याबाई, मी... माझ्या लक्षातच आलं नव्हतं, नाहीतर..."

"रडती कशाला? मडक्याला काय ठावं, भोक कशापायी पाडलं ते." त्यांनी पदरानं मडकं पुसलं. पुसतच राहिल्या जरा वेळ. मग म्हणाल्या, "त्यांना शेवंती लय आवडायची. विकायची हाय, घरात ठेवायची नाय, असं सांगितलं तरी एक फूल उचलायचेच."

तेवढ्यात पाठकवहिनी वर आल्या. जिन्यात मी पहिलं भोकाचं मडकं ठेवलं होतं, ते बघून आल्या असाव्यात. डोक्यावरून पदर, चेहरा पडलेला. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मंदाताई, केव्हा झालं हो? सकाळी तर बऱ्या दिसल्या आत्याबाई." आणि कठड्याजवळ प्रत्यक्ष आत्याबाई बघून त्यांच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"अजून हाय मी," आत्याबाई म्हणाल्या. "आलाच हायसा तर ती दोन मडकी उचला. रिकाम्या हातानं खाली जाऊ नका."

त्यानंतरचे चार दिवस म्हणजे माझ्या आयुष्यातला एक सणच! आत्याबाईंनी गेरू भिजवला. मडक्यांना बाहेरून गेरूचा हात दिला आणि सुकल्यावर काडीनं चुन्याचे ठिपके. एकतीस मडकी, प्रत्येकावर निराळी नक्षी. पाठकवहिनी यायच्या, ठिपके द्यायला बसायच्या आणि कुरडयांवरून मला टोमणे मारायच्या. आत्याबाईंच्या नखांत लाल माती गेली होती. जेवताना त्यांनी दोनदा भात मागून घेतला. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, बघा, राहतात की नाही!

आखाजी आली. मामंजींच्या नावाची घागर भरली, वर केळी ठेवली, आंबा ठेवला. आत्याबाईंनी सगळं शांतपणे केलं, आमरस-पुरणपोळी जेवल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दारात त्यांची पिशवी.

"चालले मी."

"आत्याबाई, आणि मडकी?"

"मडकी काय, पाय फुटून जाणारेत का?"

ह्यांनी त्यांना स्टँडवर सोडलं. मी गॅलरीत आले. एकतीस मडकी कठड्याशी रांगेनं, लाल-पांढरी, नटलेली आणि रिकामी. माती घालायचीसुद्धा इच्छा होईना. हे म्हणाले, "नर्सरीतून काहीतरी आणून लाव ना." मी त्यांच्यावर अशी खेकसले, की दोन दिवस ते गॅलरीकडे फिरकले नाहीत. गावात फोन फक्त दुकानात. निरोप ठेवला, उलट निरोप नाही. विहिरीजवळची ती जागा सारखी डोळ्यांपुढं यायची.

चौथ्या दिवशी सकाळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला. वाकून पाहिलं तर कांद्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आत्याबाई, आणि हॉर्नवर हात त्यांचा. मागं गोण्या. मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवंतीची रोपं, मुळासकट.

"वरून काय बघती? उतर खाली!" त्या ओरडल्या. अख्खी सोसायटी खिडकीत आली. "तुमच्या ह्या शहराच्या मातीत काय उगवणार? नुसती बिल्डरची रेती. आपल्या मळ्यातली आणलीय. शेणखत बी हाय, ते पाठकबाईच्या दारात ठेवू नको."

सहा गोण्या माती दुसऱ्या मजल्यावर चढली. आत्याबाईंनी रोपं मोजली, मडकी मोजली आणि कपाळाला हात लावला. "एकतीसनं काय व्हतंय? निम्मी रोपं वाळून जातील. उद्या ने मला त्या कुंभारणीकडं."

राहणार का, हे विचारायची मला भीतीच वाटत होती. सकाळी रिक्षा केली. कुंभारवाडा आखाजीनंतर मोकळा मोकळा झाला होता, अंगणं झाडून ठेवलेली, गल्लीत कुणी नाही. लीलाबाईनं मला ओळखलं, आत्याबाईंकडे पाहिलं आणि तिला काय समजायचं ते समजलं. तिनं त्यांना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मी आव्याच्या मागं ढिगात शिरले.

"आजी, गावाहून आल्या व्हय?" लीलाबाई विचारत होती. "किती दिस मुक्काम हाय?"

मी हातातलं मडकं धरून तशीच उभी राहिले.

"मुक्काम कसला?" आत्याबाई म्हणाल्या. "गंगापूर रोडला ऱ्हाते मी. तू मोठ्या तोंडाची दाखव. शेवंती पसरते."